शाळेच्या छपराला मत कोण देणार?

मालमत्ता कराचे बिल दुकानावर आले की आपण व्यापारी मंडळी सर्वप्रथम शेवटचा आकडा पाहतो, थोडी कुरकुर करतो आणि कागद मुनिमाच्या हाती देतो. मधल्या ओळी वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. यंदा त्या वाचाव्यात अशी व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे. त्यात 'शिक्षण कर' अशी एक ओळ सापडेल. दुकान किंवा गोदाम असेल तर 'रोजगार हमी उपकर' अशी आणखी एक. हे दोन्ही नगर परिषदेने आपल्या मनाने लावलेले नाहीत. शिक्षण कर १९६२ च्या राज्याच्या कायद्याने आलेला आहे आणि राहत्या घरापेक्षा दुकान-गोदामाला त्याचा दर जास्त आहे. म्हणजे शाळेच्या नावाने शहरात जो पैसा गोळा होतो, त्यात बाजारपेठ घरांपेक्षा चढ्या दराने भर घालते. नगर परिषद तो वसूल करते आणि पैसा राज्याच्या तिजोरीत जातो.

एवढ्यावर भागत नाही. जे आयकर भरतात त्यांच्याकडून केंद्र सरकार कराच्या रकमेवर आणखी ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर घेते. २००४ साली तो २ टक्के होता, २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी १ टक्का वाढला आणि २०१८-१९ पासून आरोग्याचे नाव जोडून ४ टक्के झाला. म्हणजे खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकरच्या व्यापाऱ्याकडून शिक्षणाच्या नावाने एकदा मुंबईला पैसा जातो आणि एकदा दिल्लीला. आणि आपल्या मोहल्ल्यातल्या उर्दू प्राथमिक शाळेचे छप्पर पावसाळ्यात गळते ते गळतेच.

तिजोरीत गेलेला पैसा शाळांवर खर्च होत नाही असे आमचे म्हणणे नाही. गुरुजींचे पगार त्याच तिजोरीतून होतात, पाठ्यपुस्तके येतात, दुपारची खिचडी शिजते. पण पगार, पुस्तके आणि खिचडी यांना मागणारा कोणीतरी असतो. पगार थकला तर शिक्षक संघटना मोर्चा काढते. छपराला, नळाला आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला संघटना नाही. ते मोडले तर अर्ज जातो, अर्जावर अभिप्राय येतो, अभिप्रायावर अंदाजपत्रक मागवले जाते आणि तोवर दुसरा पावसाळा येतो.

अमेरिकेतली रीत

याच प्रश्नाची दुसऱ्या देशात कशी वाट लावली आहे ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत सरकारी शाळा चालवणारी स्थानिक मंडळे असतात. मंडळाला जुन्या इमारती दुरुस्त करायच्या असतील, नवे वर्ग बांधायचे असतील, तर ते कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव करते. मात्र प्रस्ताव मंडळाने मंजूर करून भागत नाही. तो निवडणुकीच्या मतपत्रिकेवर छापला जातो. रक्कम किती, काम कोणते, हे तिथे लिहिलेले असते, आणि त्या भागातले मतदार होय किंवा नाही असे मत देतात. होय झाले तर रोखे विकून पैसा उभा राहतो आणि तो पुढे अनेक वर्षे त्याच भागातल्या मालमत्ता करातून फिटतो. नाही झाले तर मंडळाने पुन्हा लोकांसमोर जायचे.

कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण आम्हा व्यापाऱ्यांना विशेष बोधप्रद आहे, कारण तिथले लोक कराला आपल्यापेक्षा कमी वैतागलेले नव्हते. १९७८ साली त्यांनी स्वतः मतदान करून मालमत्ता कराचा मूळ दर मालमत्तेच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला. त्यामुळे शाळांची आवक आटली आणि शाळेच्या रोख्यांना दोन तृतीयांश मते मिळवणे अवघड होऊन बसले. पुढे नोव्हेंबर २००० मध्ये लोकांनीच ती अट ५५ टक्क्यांवर आणली, पण मोबदल्यात आपल्या अटी घातल्या. कोणत्या शाळेत कोणते काम, याची यादी आधी द्यायची. त्या पैशातून पगार करायचे नाहीत. दरवर्षी हिशेब तपासणी व्हायची. आणि नागरिकांची देखरेख समिती असायची, जिच्यात मंडळाचे नोकर व ठेकेदार नसतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी शाळा व महाविद्यालयांच्या इमारतींसाठी १० अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले.

त्या देशाची श्रीमंती आपल्याकडे नाही आणि तिथली प्रत्येक गोष्ट उचलावी असेही नाही. ज्या भागात मालमत्ता महाग तिथे शाळा उत्तम आणि गरीब वस्तीत शाळाही गरीब, हा तिथल्या पद्धतीचा मोठा दोष आहे. पण कर देणाऱ्याला पैसा देण्याआधी विचारायचे, आणि दिल्यावर हिशेब दाखवायचा, ही त्यातली गोष्ट कोणत्याही बाजारपेठेत समजण्यासारखी आहे. आपण एकमेकांशी असाच व्यवहार करतो. मालाचा नमुना पाहिल्याशिवाय गाठ कोण उचलतो?

आपल्याकडे मतपेटी कशासाठी?

आपल्याकडे अशा प्रश्नावर मतदान होतच नाही असे नाही. महाराष्ट्रात एका बाबतीत होते, आणि ती बाब दारूची आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा शहरी प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद. ही तरतूद झाली हे फार चांगले झाले, आणि आमच्या कौमच्या बायकांनी तिचा जरूर उपयोग करावा. पण दारूच्या दुकानासाठी मतपेटी आहे आणि शाळेच्या नळासाठी नाही, हे काही आमच्या पचनी पडत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक वर्षे पालिकांचा कारभार प्रशासकाच्या सहीवर चालला होता, म्हणजे गळक्या छपराची तक्रार घेऊन जायला नगरसेवकही नव्हता. आता नगराध्यक्ष आहेत, सभागृह आहे. पण आपण मत माणसाला दिले, कामाला नाही. प्रचारात रस्ते आणि गटारी यांची भाषणे झाली, हे साऱ्यांनी ऐकले. शाळेचे नाव कितीदा आले हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. आपल्या शेजारचा खानदेश मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी राखून ठेवला गेला. खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ शाळा त्या पैशावर उभ्या राहिल्या. राज्य परक्यांचे होते, शेतकऱ्याचे मत कोणी घेतले नाही, हे खरेच. तरी पैसा कुठल्या कामाचा हे ठरलेले होते. त्याच सुमारास आपल्या वऱ्हाडात इंग्रजांना दुसरी घाई होती. खामगावचा कापूस बंदरावर पोचवण्यासाठी जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा घातला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले. कापसासाठी लोखंडी रूळ आणि व्हाइसरॉय. विद्यार्थ्यासाठी कोण आले होते, त्याची नोंद आमच्या वाचनात नाही.

दोन जकाती

मराठीत जकात हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि आम्हा मुस्लिम व्यापाऱ्यांनी दोन्ही जकाती भरलेल्या आहेत. एक नाक्यावरची. कापडाची गाठ शहरात शिरताना पावती फाडावी लागे, ट्रक खोळंबत, आणि आम्ही सारेच तिला शिव्या देत असू. नगर परिषदांच्या हद्दीतली ती जकात १९९९ साली बंद झाली. बाजारपेठेने पेढे वाटले. पण त्याच दिवसापासून नगर परिषदेची स्वतःची आवक गेली आणि ती सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसली, हेही मान्य केले पाहिजे. आज पालिकेकडे शाळेच्या दुरुस्तीला पैसा मागितला तर 'अनुदान आले की पाहू' हे उत्तर येते, त्याचे एक मूळ तिथे आहे.

दुसरी जकात आपल्या दीनची. दर रमजानमध्ये आपल्या व्यापाऱ्यांच्या हातून मोठी रक्कम बाहेर पडते आणि तालीमच्या नावाने पुष्कळ चंदा होतो. पण शाळेची भिंत बांधायला जकातीचा पैसा सरळ वापरता येत नाही. हनफी मसलकाप्रमाणे जकात हकदार गरिबाच्या मालकीची व्हावी लागते, आणि भिंत कोणाच्या मालकीची होत नाही. इमारतीसाठी लिल्लाह, इमदाद, सदका-ए-जारिया ही वेगळी दारे आहेत. आलिम मंडळी हे दरवर्षी सांगतात, तरी चंद्याच्या पेटीत सगळे एकत्र पडते. तेव्हा कोणी शाळेच्या बांधकामासाठी पावतीपुस्तक घेऊन आले, तर पावतीवर मद लिहून घ्यावी. गरीब मुलांची फी, पुस्तके, कपडे यांसाठी जकात जरूर द्यावी.

चंद्यावर एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकवला जातो. नगर परिषदेची शाळा ही सरकारची जबाबदारी, आम्ही कर देतो, आता चंदाही का द्यावा? आक्षेप खोटा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला बारमाही टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, कुंपण, खेळाचे मैदान, ग्रंथालय हे सारे असलेच पाहिजे असे सांगितले आहे. हा हक्क आहे, खैरात नाही. हक्काच्या वस्तूसाठी झोळी फिरवली की देणाराही निवांत होतो आणि सरकारही. म्हणून आमचे मत असे की आधी हक्क मागावा आणि चंदा उरलेल्या कामासाठी ठेवावा.

गणवेशाने काय शिकवले

पैसा कुठे ठरतो याने बाजारात काय फरक पडतो, हे कापड लाईनने नुकतेच अनुभवले. समग्र शिक्षा योजनेत मुलामागे वर्षाला दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम शाळा व्यवस्थापन समितीकडे येत असे. समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या दुकानातून कापड घेई, स्थानिक शिंपी शिवून देत. रक्कम तुटपुंजी, आमचा नफा त्याहून तुटपुंजा, पण जून-जुलैच्या मंद्या दिवसांत तेवढाच आधार होता. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' आले. कापडाची खरेदी वरून एकगठ्ठा झाली, शिलाई बचत गटांकडे गेली. अनेक ठिकाणी सत्र सुरू होऊन महिने लोटले तरी गणवेश मुलांच्या अंगावर आला नाही, आणि मापांच्या तक्रारी झाल्या त्या वेगळ्याच. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा समित्यांकडे दिले. यात आमचा स्वार्थ आहे हे उघड आहे. पण ज्या मुलाचे माप घ्यायचे त्याच्या जवळच्याने कापड निवडावे, हे सांगायला दुकानदार असण्याची गरज नाही.

हेच छपराला लागू आहे. आज कायद्यात आपल्याकडे शाळेच्या कामासाठी मतपेटी नाही, पण हात वर करण्याच्या जागा आहेत. आपण तिथे जात नाही.

गावात ही जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती बहुधा भरते. १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले जे कमी असतील तेवढे आले की गणपूर्ती होते. गावाचा विकास आराखडा तिथे मंजूर होतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला, त्याचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला होता. शाळेतला नळ हे पाणी आहे आणि शाळेतले स्वच्छतागृह ही स्वच्छता आहे. हे सांगणारे दहा पालक सभेत उभे राहिले असतील तिथे काम झाले असेल, आणि जिथे कोणी बोलले नाही तिथे तो पैसा दुसऱ्या गटारात गेला असेल. गावागावांत आपले फिरते व्यापारी जातात, आठवडी बाजार करतात. त्यांनी ही माहिती बरोबर न्यावी.

शहरात आणि गावात दोन्हीकडे आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. समग्र शिक्षेतून शाळेला पटाप्रमाणे वर्षाला संयुक्त अनुदान मिळते, हजार मुलांपेक्षा मोठ्या शाळेला १ लाख रुपये, लहान शाळेला त्याहून कमी, आणि ते कसे खर्चायचे हेही इथेच ठरते. आमच्या मोहल्ल्यांत काय चालते? नाव आईचे, सही आईची, बैठकीला बाप, आणि बापही नसला तर रजिस्टर घरी. स्वच्छतागृहाला दार नाही म्हणून सहावी-सातवीतली मुलगी शाळा सोडते तेव्हा ते दुःख आईला आधी कळते. तिला बैठकीत बसू द्या. बैठकीची वेळ दुपारच्या खिचडीनंतरची ठेवली तर ती येऊ शकेल.

आम्ही कर द्यायला तयार आहोत, पण

आता बाजारपेठेपुढे आमचा प्रस्ताव. काही नगर परिषदांच्या बिलावर राज्याच्या शिक्षण कराखेरीज 'विशेष शिक्षण कर' अशी पालिकेची स्वतःची ओळ असते. नवा कर लावायचा तर परिषदेला ठराव करून नियम प्रसिद्ध करावे लागतात आणि नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आपण आजवर हरकती घ्यायलाच गेलो. एकदा अटी घेऊन जाऊ या.

समजा एका शहरात ८०० दुकाने आहेत आणि प्रत्येकाने महिन्याला ५० रुपये द्यायचे ठरवले. वर्षाचे ४ लाख ८० हजार होतात, तीन वर्षांचे १४ लाख ४० हजार. नवी इमारत यात होणार नाही. पण पत्रे, नळजोडणी, पाण्याची टाकी, मुलींची स्वच्छतागृहे आणि वर्गांतली वीज अशी कामे होऊ शकतात. अट अशी की कर तीनच वर्षांचा असेल. कोणत्या शाळेत कोणते काम, याची यादी ठरावालाच जोडलेली असेल, आणि त्यात उर्दू, मराठी दोन्ही शाळा असतील. पैसा वेगळ्या खात्यात राहील, त्यातून पगार, सत्कार, जाहिराती होणार नाहीत. आणि दर तिमाहीला जमाखर्च शाळेच्या फळ्यावर आणि पालिकेच्या दारात लागेल. या अटी कॅलिफोर्नियाच्या म्हणा की आपल्या रोकड वहीच्या म्हणा, फरक नाही.

ठराव करण्यापूर्वी परिषदेने प्रभागवार लोकांचे मत घ्यावे अशीही आमची मागणी आहे. कायद्याने ती बंधनकारक नसेल, पण मनाईही आमच्या ऐकिवात नाही. चिठ्ठ्या टाकून घ्या, नावे लिहून घ्या. ज्यांची मुले खासगी इंग्रजी शाळेत जातात तेही मत देतील, ज्यांना मुले नाहीत तेही. विरोधात पडले तर नगर परिषदेला आणि आम्हालाही कळेल की बाजारपेठेचे मन कुठे आहे.

काही मित्र म्हणतात, एवढे करण्यापेक्षा एखाद्या मोठ्या शेठने शाळा दत्तक घ्यावी. सप्टेंबर २०२३ पासून राज्याची तशी योजना आहे. नगर परिषद किंवा ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायला ५० लाख आणि दहा वर्षांसाठी १ कोटी मूल्याच्या वस्तू व सेवा द्याव्या लागतात. देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडता येते. आमच्या कापड लाईनमध्ये एकट्याने एवढे देणारा आम्हाला दिसत नाही. कोणी निघाला तर अल्लाह त्याला बरकत देवो. पण ८०० जणांच्या पैशाने दुरुस्त झालेल्या शाळेत ८०० जण हिशेब विचारायला जातील, एका शेठच्या शाळेत कोण जाणार? शिवाय आपल्या दुकानात थान उचलणाऱ्या, पेढीवर हमाली करणाऱ्या, मशीनवर बसणाऱ्या माणसांची मुले याच शाळांत आहेत. मालकांचीही एक पिढी इथूनच शिकून गादीवर बसली.

येत्या हप्त्यात ज्याने त्याने आपले मालमत्ता कराचे बिल काढून शिक्षण कराची रक्कम वेगळ्या कागदावर लिहावी आणि आपल्या लाईनच्या सेक्रेटरीकडे द्यावी. संपूर्ण लाईनची बेरीज झाली की तो कागद घेऊन नगराध्यक्ष व मुख्याधिकारी यांची भेट मागता येईल. अर्थसंकल्पाच्या सभेपूर्वी भेट झाली तर उपयोग, नंतर झाली तर पुढच्या वर्षीची वाट. ज्या शाळांत अल्पसंख्याक विद्यार्थी ७० टक्क्यांहून अधिक आहेत, त्यांनी अल्पसंख्याक विकास विभागाच्या पायाभूत सुविधा अनुदानाचाही अर्ज सोबत तयार ठेवावा. आपली शाळा त्या योजनेत बसते की नाही हे मुख्याध्यापकांकडून आधीच विचारून घ्यावे, नाहीतर पटसंख्येचा दाखला आणि समितीचा ठराव यांसाठी पुन्हा दोन महिने जातात.